बारीक सोनं

९ जानेवारी २०२४

दुसऱ्या सत्रासाठी कॉलेजनं तासिका तत्त्वावरच्या आम्हा सहा जणांना बोलावलं नाही. नऊ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. प्राचार्यांनी फोनवर सांगितलं, 'मॅडम, विद्यार्थीच कमी आहेत.' फोन ठेवल्यावर मी अर्धा तास भाजी निवडत बसले. भाजी एक जुडीच होती.

संध्याकाळी अंकुशभाऊजी आले, सचिनचे धाकटे भाऊ. दहा वर्षं नागपूरला इतवारीत सोनं गाळायच्या दुकानात होते, दिवाळीपासून इकडेच आहेत. काळ्या धुळीची प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"वैनी, याच्यात सोनं हाय. पण दिसत नाई. तुमी काढून दाखवा."

ती सोनारांच्या दुकानातली झाडलोट होती. पॉलिशची धूळ, पायपुसण्या जाळून केलेली राख, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ. वर्धा-पुलगावच्या सोनारांकडून भाऊजी ती विकत घेतात आणि आंजीच्या आपल्या शेतातल्या शेडमध्ये एक झारेकरी ती धुऊन देतो. जाड कण हाती लागतात, पिठासारखं बारीक सोनं पाण्याबरोबर निघून जातं. मी म्हटलं, ते बारीक सोनं सायनाईडच्या पाण्यात विरघळतं, मग कोळशावर धरून परत काढता येतं. खाणींवर तसंच करतात.

सचिननं कप खाली ठेवला. "सायनाईड म्हणजे ते विष?"

"निष्काळजी माणसाच्या हातात विष," मी म्हटलं. हे वाक्य वर्गात कितीदा म्हटलं असेल. आज म्हणताना फार बरं वाटलं.

१७ जानेवारी

शेड पाहून आले. जुना गोठाच आहे, वर पत्रे टाकलेला. तिथे बाबारावजी भेटले, ते झारेकरी. साठीच्या आसपासचे, काटकुळे, शर्टाच्या खिशात चष्मा. राहतात आंजीतच. त्यांचे वडील वर्ध्याच्या सराफा लाइनीत दुकानांसमोरच्या नाल्या झाडायचे, मग हे झाडू लागले. मला म्हणाले, "जय भीम ताई. शायनाईड का काय ते, तुमीच आणून राह्यल्या न?"

त्यांनी काठवटीत राख धुऊन दाखवली. मनगट असं काही फिरवतात की पाणी कडेला जातं आणि राख आपण होऊन मागे सरते. शेवटी लाकडावर पापणीच्या केसाएवढी पिवळी रेघ उरली. मग त्यात पारा ओतून बोटांनी चोळला. उघड्या बोटांनी! मी ओरडलेच.

"चाळीस वर्स झाले ताई. मले काई झालं नाई."

पाऱ्यापासून या माणसाची सुटका होणार, हाही एक फायदाच. घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात होतं. कॉलेजनं मला काढलं नसतं तर हे झालंच नसतं.

४ फेब्रुवारी

आज नियमांचा फलक लावला. आधी चुना, मग बाकीचं. पाण्याची आम्लता दाखवणारी पट्टी गडद निळी आल्याशिवाय राख ढवळायचा ड्रम सुरू करायचा नाही. शेडमध्ये तेजाब आणायचं नाही, कारण आम्ल आणि सायनाईड एकत्र आलं की जो वायू निघतो तो माणसाला वेळ देत नाही. एकट्यानं काम करायचं नाही. हातमोजे. आत खाणंपिणं नाही. बाबारावजींनी चष्मा लावून सगळं मोठ्यानं वाचलं, जसं मूल धडा वाचतं, आणि विचारलं, "पट्टी निळी नाई आली त मंग?"

"मग मला विचारायचं."

"बरं."

ऑक्सिजनची टाकी आणि उताऱ्याचं औषध यांची यादी भाऊजींना दिली. ते म्हणाले मागवलं आहे. परवान्याचंही विचारलं. "कागद नागपूरले फिरून राह्यला वैनी, होऊन जाईन." मी फार खोलात गेले नाही. कागदाचं काम त्यांचं, रसायनाचं माझं.

११ मार्च

निघालं! बाबारावजींनी दोनदा धुऊन मागच्या खड्ड्यात टाकलेली राख मुद्दाम घेतली होती. तिच्यातून तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा मणी निघाला. भाऊजींनी पेढे आणले. सचिन मला म्हणाला, "तू तर कमाल केली." लग्नाला चौदा वर्षं झाली, असं तो पहिल्यांदाच म्हणाला.

बाबारावजींनी मणी तळहातावर घेतला, उन्हात नेऊन पाहिला.

"म्हंजे मी आतालोक सोनं फेकूनच देल्लं," ते म्हणाले.

मी हसून सांगितलं, तुमचा दोष नाही, हाताला न सापडणारंच हे सोनं. त्यांनी डबा न उघडताच परत नेला. जरा लागलं असावं मनाला. होईल सवय.

२६ एप्रिल

पारा चव्वेचाळीसवर. बाबारावजींची रोज कुरकुर. डोकं जड होतं, छातीत धडधडतं, जिभेवर कडू येतं. पंखा बंद पडलाय तो दुरुस्त करा म्हणतात, दोन्ही दारं उघडी ठेवा म्हणतात. भाऊजी दारं लावून घेतात, कारण गावातले लोक डोकावतात. पंख्याचं मी आज परत बोलले. ते 'हो हो' म्हणाले.

ऊनच असं आहे की मलाही तिथे तासाभरात गरगरतं. शिवाय मला वाटतं, नव्या पद्धतीवर त्यांचा मनापासून विश्वास बसलेला नाही. जुन्या माणसांचं असंच असतं. मी त्यांना ताक प्यायला सांगितलं.

१९ मे

भाऊजींशी भांडण. सोनं शुद्ध करायला इतवारीत पाठवावं लागतं, ते इथेच करायचं म्हणून त्यांनी तेजाबाचे तीन कॅन आणून शेडमध्ये ठेवले. मी फलकाकडे बोट दाखवलं.

"वैनी, पुलगावले बारुदाच्या डेपोच्या बाजूले हजारो लोक राह्यते. तिथं कोनी भेते का? नीट ठेवलं त काई होत नाई."

"इथे नाही चालणार भाऊजी."

"मंग कुठी ठिऊ? तुमच्या घरी?"

सचिन मध्ये पडला. शेवटी ठरलं की शेडच्या अर्ध्यात पिवळी रेघ मारायची. तेजाब पलीकडे, ड्रम अलीकडे, मध्ये पंधरा फूट. रंग मी स्वतः मारला. फलकावरची ती एक ओळ पुसावी लागली.

मी हरले असं नाही. मधला मार्ग काढला.

२ जुलै

अनुदानित कॉलेजमध्ये पूर्णवेळ जागा निघाली आहे, अर्ज केला. अभ्यासासाठी आता शेडवर आठवड्यातून दोनदाच जाते. बाबारावजींना पट्टी बघायला छान शिकवलं आहे, माझ्यापेक्षा काळजीनं बघतात. शंका आली की लगेच फोन. 'ताई, निळी हाय पण जराशी फिक्कट हाय.' 'ताई, चुना किती घमेले?' कधी कधी दिवसातून चार फोन. खरं सांगायचं तर कंटाळा येतो.

शेडमागच्या नालीजवळ शेजारच्या शेतातला कुत्रा मेलेला सापडला. भाऊजी म्हणाले साप चावला. पावसाळ्यात निघतातच साप. 'एकट्यानं काम करायचं नाही' हाही नियम सध्या पाळला जात नाही, कारण भाऊजी माल आणायला फिरतीवर असतात. दुसरा माणूस बघायला हवा.

२३ ऑगस्ट

परवा बाबारावजी शेडमध्ये पडले. दोन दिवस लिहू शकले नाही. जसं झालं तसं लिहिते.

माझी मुलाखत होती. बाहेर बाकावर बसले होते, माझा नंबर पुढचा. अकरा चाळीसला त्यांचा फोन.

"ताई, पट्टी हिरवी येऊन राह्यली. चुना त सरला कालच. बंद करू का ड्रम?"

आतून कोणीतरी माझं नाव घेतलं. मी उठलेच होते.

"बंद नका करू, माल वाया जाईल. चालू ठेवा, ढवळत राहा. मी उद्या चुना घेऊन येते."

"वास बी येगळाच येते ताई आज."

"पावसाचा असेल. ठेवते, मला आत बोलावलंय."

मला माहीत नव्हतं की बाहेरचा खड्डा पावसानं भरला म्हणून भाऊजींनी तेजाबाचं धुवण सकाळीच त्या ड्रममध्ये ओतलं होतं. बाबारावजींनाही माहीत नव्हतं. पण पट्टी हिरवी आली तर काय करायचं हे मला माहीत होतं. माणूस बाहेर काढायचा. एवढंच. चुना नाही, माल नाही, उद्या नाही. वर्गातल्या कुठल्याही मुलानं हे उत्तर दिलं असतं.

मुलाखत छान झाली. बाहेर आले तेव्हा भाऊजींचे सात फोन येऊन गेले होते.

त्यांनी बाबारावजींना गाडीत घालून सेवाग्रामला नेलं होतं. मी पोचले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. आत डॉक्टरांना भाऊजींनी सांगितलं होतं, बीपीचा त्रास आहे, चक्कर येऊन पडले. बाबारावजींची बायको कमलाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, अनवाणी. मी दाराकडे निघाले तर सचिननं कोपर धरलं.

"वर्षाली, थांब. परवाना नाही आपल्याकडे. अंकुश वकिलाशी बोलून राहिला. पाच मिनिटं थांब फक्त."

मी थांबले. सचिननं हात सोडल्यावरही थांबले. एक पंचवीसला डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या. तरुण होत्या, घामाघूम. "फवारणी केली होती का? काही औषध? खरं सांगा कोणीतरी," असं त्यांनी सगळ्यांकडे बघत विचारलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सायनाईड. सायनाईडचा वायू."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धावत आत गेल्या.

वीस मिनिटं. कमलाबाई तिथेच बसली होती. तिला तो शब्द कळला नाही.

३ सप्टेंबर

बाबारावजींनी डोळे उघडले. जीव वाचला असं म्हणतात. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, आधी कळलं असतं तर फरक पडला असता का? त्या म्हणाल्या, "पडला असता किंवा नसता. आता सांगता येत नाही." मला यातलं एक काहीतरी हवं होतं.

ठाण्यात जबाब झाला. मजकूर सचिननं आणि वकिलांनी बसवला होता. शेडमध्ये नियमांचा फलक होता. पट्टी गडद निळी नसल्यास ड्रम सुरू करू नये, हे कामगाराला शिकवलं होतं. एकट्यानं काम करू नये, हे लिहिलेलं होतं. घटनेच्या वेळी मी वर्ध्याला मुलाखतीस हजर होते. मी सही केली.

घरी येऊन तो जबाब मनात परत परत वाचते आहे. त्यात एकही वाक्य खोटं नाही.

३० सप्टेंबर

कॉलेजचं नेमणूकपत्र आलं. सचिनच्या आईनं देवापुढे ठेवलं. शेडला सील लागलं आहे, भाऊजी जामिनावर आहेत, घरात सगळे हळू आवाजात बोलतात. तरी आज शिरा झाला. मी खाल्ला.

१७ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा बाबारावजींच्या घरी गेले. दोनदा आंजीच्या फाट्यापर्यंत जाऊन परतले होते.

अंगणात खाटेवर बसले होते. चेहरा ओळखू येईना, कारण तो हलतच नाही. बोलतात सावकाश, मान वळवायची तर अख्खं अंग वळवतात. आणि हात थरथरतात, दोन्ही. कमलाबाई बशीतला चहा त्यांच्या तोंडाला लावत होती. डॉक्टरांनी सांगितलंय की या विषातून वाचलेल्यांना मागाहून असं होतं, औषधानं थोडं कमी होईल.

"बसा ताई," ते म्हणाले. "एक इचाराचं होतं."

"विचारा न बाबारावजी."

"त्या दिवसाचं मले काईच याद नाई. सकाळी भाकर खाल्ली, डबा घेतला, तिथलोक याद हाय. मंग दवाखाना." हात एकमेकांत दाबून धरले होते, तरी हलत होते. "लोक म्हणते, बाबारावनं चूक केली. पोलिसाच्या कागदावर बी तसंच हाय म्हणते. शेजारचा रूपराव म्हणते, तुह्या चुकीनं ड्रमचं पाणी नाल्यात गेलं न नाल्याचं पाणी जहर झालं. मी पट्टी पाह्यली नसन का ताई? मी त रोज पाहो. मी तुमाले फोन केलता का?"

कमलाबाईनं बशी खाली ठेवली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"आता तो विचार करू नका," मी म्हटलं. "आराम करा. बरे व्हा आधी."

"हो," ते म्हणाले. "तेच त. माहीच काई चूक झाली असन."

मी फळं ठेवून निघाले. फाट्यावर बस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात परत जाऊन दोन शब्द बोलून येता आलं असतं.

२१ डिसेंबर

वकिलांचा फोन. प्रकरण बरंचसं निवळलं म्हणाले. परवान्याचं भाऊजींवर राहील, ते निस्तरेल. अपघात मात्र कामगाराच्या हलगर्जीनं, असाच सूर आहे. माझं नाव कुठेही येणार नाही. सचिननं सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाला, "चल, मिटलं एकदाचं."

फोनमध्ये तो कॉल अजून आहे. एक मिनिट चार सेकंद. पोलिसांनी मला कधी विचारलंच नाही आणि बाबारावजींचा फोन त्या ड्रमच्या पाण्यात पडून गेला. म्हणजे आता तो कॉल झाला हे जगात एकट्या मलाच माहीत आहे.

११ जानेवारी २०२५

सचिनला सांगितलं की मी जबाब बदलणार आहे. तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

"तुझी नोकरी जाईल."

"जाईल."

"अंकुशनं तेजाब ओतलं हे पण सांगशील?"

"जे झालं ते सगळं."

"आणि मी तुझा हात धरला होता, ते?"

मी म्हटलं, "हात तू लगेच सोडला होतास. वीस मिनिटं मी माझ्या मनानं थांबले." तो उठून गच्चीवर गेला. जेवायला आला नाही.

१३ जानेवारी

सकाळी ठाण्यात गेले. जमादारांनी माझं लिहिलेलं दोनदा वाचलं. "मॅडम, तुमच्यावर कोणी बोट दाखवलं नाही अजून. वकिलाले विचारलं का?" मी म्हटलं, नाही. फोनमधली नोंद दाखवली, ती त्यांनी उतरवून घेतली. सही करताना वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भूक लागली फक्त.

तिथून आंजीला गेले. बाबारावजी खाटेवरच होते, कमलाबाई तांदूळ निवडत होती. मी बसले नाही. बसले असते तर राहून गेलं असतं.

"बाबारावजी, तुम्ही फोन केला होता. अकरा चाळीसला. पट्टी हिरवी आली म्हणालात. चुना संपला म्हणालात. बंद करू का विचारलं, वास वेगळा येतो हेही सांगितलं. मी म्हटलं चालू ठेवा, ढवळत राहा. तेजाब भाऊजींनी ओतलं होतं. तुमची चूक नव्हती."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही उमटत नाही त्यांच्या, त्यामुळे कळेना.

"आणि दवाखान्यात," मी कमलाबाईकडे वळले, "कशानं झालं ते मला माहीत होतं. मी वीस मिनिटं सांगितलं नाही. तुम्ही समोरच बसल्या होतात."

तिचे हात सुपात थांबले. "ईस मिन्टं?"

"हो."

"काऊन वं बाई?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. "काऊन?"

जे उत्तर होतं ते त्या अंगणात बोलण्यासारखं नव्हतं. तिनं सूप बाजूला ठेवलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली.

बाबारावजींनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. ते अजून आधीच्याच बोलण्यावर होते.

"मी इचारलं होतं?"

"हो."

"पट्टी पाह्यली होती मी?"

"पाहिली होती. बरोबर पाहिली होती."

ते खाटेची दांडी धरून उभे राहायला लागले. मी हात दिला तर घेतला नाही. अंगण ओलांडायला त्यांना किती वेळ लागला. कुंपणाच्या तट्ट्यापाशी पोचले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून त्यांनी हाक मारली, "रूपराव! ओ रूपराव! इकडं येजो जरा."

पलीकडून एक जाडसे गृहस्थ हात पुसत आले. मागून त्यांची सून आली, आणखी दोघं-तिघं रस्त्यावरचे थांबले.

"हे मॅडम हाय," बाबारावजी म्हणाले. "शायनाईडवाल्या. ताई, सांगा याले. मी फोन केलता का नाई?"

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून.

रूपरावांनी खाली पाहिलं. बाबारावजींचे दोन्ही हात तट्ट्यावर होते आणि तट्टा हलत होता.

"मंग अजून एकडाव सांगा ताई," ते म्हणाले. "हे मागचे लोक आत्ता आले. त्याईनं आयकलं नाई."

मी परत सांगितलं.